लडाखचे जर्दाळू, करडीची मोहफुलं

मोहफुलं पडायला लागली की मला जर्दाळू आठवतात. मोहाडीत हे कुणाला सांगायची सोय नाही. जर्दाळूचं झाड आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नाही, मीही पाहिलेलं नाही, आणि मोहाचं झाड न पाहिलेला माणूस इथे शोधून सापडणार नाही. पण माझ्या डोक्यात या दोघांची गाठ पडली आहे ती पडलीच आहे. यंदाही तेच झालं. मार्च संपता संपता शाळेत जाताना रस्त्याच्या वळणावर तो वास आला, गोड आणि जरासा आंबूस, आणि मी स्कूटी थांबवून उभीच राहिले. झाडाखाली एक बाई टोपली घेऊन वेचत होती.

"काय मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही व, वास घेऊन राहिली."

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला मुकाट्याने गाडी चालू करावी लागली. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईने उशिराचं कारण म्हणून मोहाचा वास सांगायचा नसतो, म्हणून मीही गाडीच बंद पडली असं सांगितलं.

आमचं लहानपण मोहाडीजवळच्या करडी गावात गेलं. धान निघून गेलेलं, त्याच बांध्यांमधलं लाखोळीचं कडधान्य मळून झालेलं, आणि मोठ्या माणसांना जरा श्वास घ्यायला फुरसत मिळालेली, अशा दिवसांत मोह पडायचा. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला असायचा. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन निघायच्या आणि उन्हं चढायच्या आत परत यायच्या. मग ती पांढरट पिवळी, रसाने टम्म भरलेली फुलं सारवलेल्या अंगणात पसरायची. पहिल्या दिवशी ती ओली आणि चिकट असतात, दुसऱ्या दिवशी पिवळी पडतात, आणि चौथ्या दिवसापर्यंत पार सुकून, सुरकुतून, तपकिरी होऊन जातात. कोंबड्या आणि बकऱ्या हाकलायचं काम आम्हा पोरांकडे होतं. बकरीला मोहाची चटक लागली की ती माणसाला जुमानत नाही. मी काठी घेऊन बसायची आणि बकरीपेक्षा जास्त फुलं मीच खायची. त्या पंधरावीस दिवसांत घरातल्या सगळ्या वस्तूंना मोहाचा वास लागायचा. पाण्याला लागायचा, गोधडीला लागायचा, माझ्या वेणीलाही लागायचा. मग तो येतोय हेच कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

अशाच एका मोसमात मामा सुट्टीवर आला. आईचा धाकटा भाऊ, तेव्हा नुकताच फौजेत लागलेला, गाडी चालवायचा, आणि त्याची नेमणूक लडाखला होती. लाखांदूरला स्वतःच्या घरी जायच्या आधी तो आमच्याकडे उतरला. खाकी पिशवीतून त्याने एक पुरचुंडी काढली आणि आईच्या हातात दिली. "बाई, हे तुह्यासाठी," तो म्हणाला. हे शब्द मला नीट आठवतात, कारण आमच्या घरात "तुह्यासाठी" असं म्हणून आईच्या हातात कुणी काही दिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आत तपकिरी, सुरकुतलेली, दगडासारखी टणक फळं होती. माझी मोठी काकू, जिला आम्ही मोठ्याई म्हणायचो, तिने एक उचललं आणि उजेडात धरलं.

"हे कोन्या झाडाचे मोहं होय गा? बहुतच मोठे दिसून राहिले."

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने सांगितलं, तिकडे उन्हाळ्यात घरांच्या माळवदावर हेच पसरलेलं असतं, तुमच्या मोहासारखंच. आणि बाया हिवाळाभर पुरवून खातात. मोठ्याईने ऐकून घेतलं, फळं एका पत्र्याच्या डब्यात भरली आणि डबा आपल्या कोठीत नेऊन ठेवला. घराचा तसा रिवाजच होता. गोडधोड कुणाच्याही माहेरून आलं तरी ते कोठीत जायचं आणि पाहुण्यांसमोर निघायचं. मोठ्याई वाईट नव्हती, पंधरा माणसांचं घर ती एकटी सांभाळत होती. पण तिचा हिशेब कडक होता. दर दोन दिवसांनी ती डबा उचलून वजन बघायची आणि कानाशी धरून हलवायची.

आता जे सांगते ते मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. दुपारी सगळे झोपले की मी कोठीत शिरायची आणि एक जर्दाळू तोंडात टाकायची. आधी तो काहीच चव देत नाही. मग गालात धरून धरून जरा मऊ पडला की आंबटगोड रस सुटतो, आणि एकाच फळावर अख्खी दुपार निघते. राहिलेली बी मी धुऊन पुन्हा डब्यात टाकायची, म्हणजे डबा हलवला की वाजेल. वजन भरायला अंगणातली सुकलेली मोहफुलं मूठभर टाकायची. रंग तोच, सुरकुत्या त्याच. नऊ वर्षांच्या पोरीच्या मानाने डोकं बरं चाललं होतं असं मला अजूनही वाटतं.

मग ताईला, म्हणजे मोठ्याईच्या मुलीला, पाहायला पाहुणे येणार असं ठरलं आणि डबा बाहेर निघाला. आईने ती फळं भिजवली आणि गूळ घालून शिजवली. मी परसातल्या पेरूच्या झाडावर चढून बसले होते, म्हणजे पकडली गेले तर खाली यायला वेळ लागेल. पकडली गेले नाही. पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या, आणि मोठ्याईने त्यांना ऐटीत सांगितलं, "लडाखचं फळ होय. गर कमी राहते यात, बियाच जास्त." ताईचं लग्न जमलं. आईच्या वाट्याला आलं ते पातेल्याच्या बुडाला राहिलेलं. ती चुलीपाशी बसून बोटाने पातेलं पुसून खात होती, हे मी झाडावरून पाहिलं.

गेल्या वर्षी हे सगळं वर आलं ते आईच्या तापामुळे. आई माझ्याकडे मोहाडीला असते. फेब्रुवारीत तिला ताप आला तो उतरेचना, शेवटी भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. दहा दिवसांनी घरी आणली तेव्हा ताप गेला होता आणि त्याच्याबरोबर तोंडाची चवही गेली होती. ताटावर बसायची, दोन घास उचलायची आणि ताट सरकवायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं झाली, आता अन्नच औषध. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि त्या वेळी मला खात्री देता येणार नाही." मी हो हो म्हणत बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. मग तोंड धुतलं आणि आईला म्हणाले, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे.

त्यानंतर मी जे केलं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत, ती मिनतवारी होती. चिनोर तांदळाचा मऊ भात केला. तलावातले छोटे मासे आणून रस्सा केला. लाखोळीची भाजी केली, वडा केला, आंबील केली. आई प्रत्येक गोष्टीचा एक घास घ्यायची आणि सभ्यपणे सांगायची, "मातीवानी लागून राहिलं." मी चिडायची, ओरडायची, मग ओरडल्याबद्दल स्वतःवर चिडायची. ती दिवसेंदिवस हलकी होत होती. तिला धरून न्हाणीत नेताना माझ्या हाताला ते कळायचं.

एक दिवस मी वैतागून विचारलं, "आई, तुले खायचं तरी काय आहे?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. "तुह्या मामानं आनले होते न, ते जर्दाळू," ती म्हणाली. "तवा शिजवले होते, तसे कोनी देल्ले त खाल्ले असते."

 मला आनंद झाला, आणि माझ्यातली नऊ वर्षांची पोरगी दचकली.

शोध सुरू केला. मोहाडीच्या बाजारात किराणावाल्याने मला मनुका दाखवल्या, मग खारीक दाखवली, मग म्हणाला, "मॅडम, शाळेच्या प्रदर्शनासाठी पायजे का?" भंडाऱ्याच्या दुकानात मिळाले ते झगझगीत नारिंगी, मऊ, बिया काढलेले, प्लास्टिकच्या डबीत एकावर एक रचलेले. आमचे हे कामासाठी नागपूरला गेले होते, त्यांनी इतवारीतून आणले तेही तसेच. मी भिजवले, शिजवले, गूळ घातला. आईने एक चमचा घेतला.

"हे काय होय?"

"जर्दाळू."

"याले रंग देऊन राहिले का लोकं?" असं म्हणून तिने वाटी खाली ठेवली. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नंतर मला कळलं की त्या नारिंगी फळांना गंधकाची धुरी देतात, म्हणून रंग टिकतो. नुसत्या उन्हात वाळवलेला जर्दाळू तपकिरीच होतो.

मग मी लाखांदूरला मामाला फोन लावला. मामा साठीला आला आहे, निवृत्तीनंतर शेती करतो, पण तो बोलायला लागला की अजूनही हाताखालचे जवान समोर उभे आहेत असं वाटतं. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "दुकानात कायले हिंडून राहिली? मी अजून जिवंत आहो न." फौजेत त्याच्या गाडीवर सोबत असलेला सोनम नावाचा लडाखी मित्र होता. दोघं दर दिवाळीला फोनवर बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं हसणं. मामाने त्याच दुपारी त्याला फोन केला. सोनमने विचारलं, किती हवेत? मामा म्हणाला, बहीण आजारी आहे. सोनमने पुढे काही विचारलं नाही.

ते दोन आठवडे मला फार लांब वाटले. पोस्टमन दिसला की मी व्हरांड्यात. आई पेजेवर होती. शेवटी पार्सल आलं ते मामाच्या पत्त्यावर, आणि मामा ते पोस्टावर किंवा कुरिअरवर विश्वास न ठेवता स्वतः एसटीने घेऊन आला, मांडीवर धरून. पांढऱ्या कापडात शिवलेलं, निळ्या शाईने पत्ता लिहिलेलं. मी टाके उसवले. तीच तपकिरी, सुरकुतलेली, टणक फळं. मला इतका आनंद झाला की मी मामाच्या पाया पडले, आणि तो म्हणाला, "फळाच्या पड, मी त नुसता हमाल."

त्याने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. फळं दोन पाण्यांनी धुतली, कोमट पाण्यात भिजत घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवली. "पानी फेकाचं नाही, सारी चव पान्यात उतरली राहते," हे तो मला तीनदा सांगून गेला. गर मऊ झाल्यावर बिया काढल्या, पाट्यावर वरवंट्याने हलकेच फोडल्या आणि आतला दाणा काढला. प्रत्येक दाण्याचा कण जिभेवर ठेवून पाहिला. "कडू निघाला त फेकून द्यायचा, दया नाही करायची. गोड असला तरच टाकायचा." एकही कडू निघाला नाही. सोनमने आपल्या घरच्या झाडाचेच पाठवले होते. साखर अगदी चमचाभर. मी पातेल्यातून चव घेतली आणि खरं सांगते, इतकं चांगलं काही मी वर्षात खाल्लं नव्हतं.

मामा वाटी घेऊन आईसमोर बसला. आईने खाल्लं. आणखी एक चमचा खाल्ला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "पन हे ते नाही."

"काय म्हनते बाई! तेच झाड, तेच गाव! सोनमच्याच घरचे होते तवा बी!"

"असन. मी कुठं नाही म्हनते? पन हे ते नाही."

"चाळीस वर्षांत चव विसरली तू."

"मी नाही विसरली. तुवा तवा खाल्ले होते का शिजवलेले? तू त देऊन चालला गेला होता."

मामा तोंड पाडून अंगणात जाऊन बसला. एका माणसाने एवढ्या दूरवरून फळं पाठवली, दुसऱ्याने एसटीने आणली, आणि तिसरीने दोन चमच्यांवर निकाल दिला. मामा म्हणाला, हिचं डोकं चालेनासं झालं आहे.  पण आईचं डोकं उत्तम चालत होतं, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. ती ज्याची चव शोधत होती त्यात अर्धी माझी चोरी होती.

चाळीस वर्षं जुनी चोरी कबूल करायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला, आणि तरी मी कबूल केलीच नाही. मी पळवाट काढली. शेजारी जाऊन दोन मुठी सुकी मोहफुलं मागून आणली, चोळून आतले केसर काढले, धुतली, आणि राहिलेल्या जर्दाळूत टाकून पुन्हा शिजत ठेवली. साखरेच्या जोडीला गूळ घातला. तो वास घरभर पसरला तेव्हा मामा अंगणातून आत आला आणि "हे काय करून राहिली?" म्हणून ओरडला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. सोनमला हे कळलं असतं तर त्याने पुन्हा पार्सल पाठवलं नसतं.

वाटी आईच्या हातात दिली आणि मी दाराशी उभी राहिले. खरं तर पेरूचं झाड असतं तर मी त्यावर चढले असते. आईने पहिला चमचा घेतला, आणि थांबली. दुसरा घेतला. तिसरा. मग चमचा बाजूला ठेवून बोटांनी खायला लागली. वाटी रिकामी झाली.

"मोहं कमी पडले," ती म्हणाली. "तवा जास्त होते."

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाला, "मोहं? जर्दाळूत मोहं कोनं टाकले होते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "हिनं. दुपारी कोठीत जाये, एक खाये, बी धुऊन डब्यात टाके. बिया परत टाकाची अक्कल तुले कोनं देल्ली व?"

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"शिजवाले काढले तवा समजलं, अन् तू पेरूवर चढून बसली होती. मी टाकले त्याच्याहून जास्त मोहं निघाले."

 मग मी म्हणाले, "मी टाकले त्याच्याहून, म्हणजे?"

"म्हनजे काय? मी बी खात होती न." आई असं म्हणाली जणू आज दूध घेतलं का विचारत होती. "तू दुपारी जाये, मी सकाळी सडा टाकाच्या आधी. मी त बिया बी फोडून खाल्ल्या. तुह्या बियांवर डबा वाजत होता, म्हनून मी बी वाचली."

मी हसायला लागले ते मला थांबवताच येईना. चाळीस वर्षं मी ज्या चोरीचं ओझं वाहत होते तिच्यात माझी आई माझी भागीदार होती, आणि मोठ्याई बिचारी डबा कानाशी धरून आम्हा दोघींची राखण करत होती. आईही हसत होती. फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदा हसली. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं, पाणी पिऊन ती पुन्हा हसली.

मामा हसला नाही. तो तिच्या खाटेवर टेकला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाई, मी त तुह्यासाठीच आनले होते. तुले चोरून खा लागले?"

"मंग कशे खाऊ? सून होती न मी त्या घरची." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अन् वाईट नको वाटून घेऊ बापा. त्या घरात माह्यं म्हनाव असं कायी नव्हतं, ते जर्दाळू होते. रोज सकाळी एक. माहा भाऊ कुठं बर्फात गाडी चालवून राहिला असन, असं मनात येये. सडा टाकून होयेपर्यंत गालात पुरे."

मामाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग तो उठला, कापडाची ती उसवलेली पिशवी घेऊन आला आणि उरलेले सगळे जर्दाळू आईच्या मांडीवर ओतले. "घे. आता सगळ्यांच्या समोर खा."

आईने एक निवडला, मला दिला. एक मामाला दिला. तिसरा स्वतःच्या तोंडात टाकला. आता तिला चावायला दात फारसे नाहीत, तिने तो डाव्या गालात धरला आणि भिंतीला टेकून बसली. आम्ही तिघं तसेच बसलो, बोलायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं. मला मधेच रडू आलं, ते मी लपवलं नाही, आणि आईने बघून न बघितल्यासारखंही केलं नाही. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मी सवयीने तिच्या ताटात चमचाभर भात टाकला. तिने गालातली बी काढली, ताटाच्या कडेला ठेवली, आणि भाताकडे पाहून म्हणाली, "एवढासा कायले? कमी नको वाढू व."